इंग्लंडमध्ये कौन्सिलने आई-बाबांची केअर नाकारली किंवा कापली, तर तक्रार कशी करायची

हा लेख फक्त इंग्लंडसाठी आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये कायदेही वेगळे आणि लोकपालही (अशा तक्रारी तपासणारे स्वतंत्र अधिकारी) वेगळे.

कौन्सिलच्या केअर-निर्णयावर अपील करण्याची तरतूद कायद्यात आहे, केअर ॲक्ट २०१४, कलम ७२. पण ते कलम आजवर लागूच केलेलं नाही. त्यामुळे हातात उरते ती तक्रार. तिच्यात "हा निर्णय आमच्यावर अन्याय करणारा आहे" असं कितीही पोटतिडकीने लिहिलं तरी फार हलत नाही. "निर्णय घेताना तुम्ही अमुक पायरी गाळलीत" असं लिहिलं की फाइल हलते. पुढचं सगळं ती गाळलेली पायरी शोधण्याबद्दल आहे.

१. तक्रार कुणाकडे जाणार ते आधी ठरवा

केअर बघते ती काउंटी कौन्सिल, युनिटरी कौन्सिल, लंडन बरो किंवा मेट्रोपॉलिटन बरो. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन कौन्सिलं असतात, तिथे कचरा उचलणारी आणि कौन्सिल टॅक्सचं बिल पाठवणारी डिस्ट्रिक्ट कौन्सिल तुमच्या ओळखीची असते. पण केअरचा तिच्याशी संबंध नाही. तिकडे पाठवलेली तक्रार फिरत राहते आणि आठवडे वाया जातात.

कंटिन्यूइंग हेल्थकेअर, म्हणजे आजारपण मुख्य असल्यामुळे एनएचएसने उचलायचा पूर्ण खर्च, हा वेगळा रस्ता आहे. तो निर्णय इंटिग्रेटेड केअर बोर्डाचा, म्हणजे त्या भागातला एनएचएसचा कारभार बघणाऱ्या संस्थेचा असतो. त्याचं पुनरावलोकन निर्णय कळल्यापासून ६ महिन्यांत मागायचं असतं, आणि लोकपालही वेगळा. दोन्ही भानगडी एकत्र गुंतल्या असतील तर कौन्सिलला आणि बोर्डाला एकत्रित उत्तर द्यायला सांगता येतं.

कौन्सिल मधे नसताना स्वतःच्या पैशांनी एजन्सी किंवा केअर होम घेतलं असेल, तर तक्रार आधी त्या संस्थेकडे आणि मग थेट सोशल केअरच्या लोकपालाकडे. केअर क्वालिटी कमिशनला, म्हणजे केअर संस्थांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेला, माहिती जरूर कळवा, तपासणीत ती उपयोगी पडते. पण एकेका व्यक्तीची तक्रार ते सोडवत नाहीत. इथे बरेच जण महिनाभर वाट बघत बसतात.

२. निर्णय कागदावर मागा

फोनवर सोशल वर्कर म्हणाल्या "त्या पात्र ठरत नाहीत", तर त्याच दिवशी ईमेल करा. पात्रतेचा निर्णय आणि त्याची कारणं लेखी द्यायला कौन्सिल बांधील आहे. मदत मिळणार नसेल, तर गरजा कमी करायला किंवा लांबवायला काय करता येईल याचा सल्लाही लेखी द्यावा लागतो. सोबत या चार गोष्टी मागा: असेसमेंटची (गरजांच्या तपासणीची) पूर्ण प्रत, केअर अँड सपोर्ट प्लॅन (कुठली मदत, कधी आणि किती), पर्सनल बजेटचा (त्या मदतीसाठी ठरवलेल्या रकमेचा) हिशेब आणि आर्थिक असेसमेंटचा हिशेब.

टाळाटाळ झाली तर सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट करा, म्हणजे आईबद्दल कौन्सिलकडे असलेली सगळी माहिती मागा. ती मोफत असते आणि उत्तराची मुदत एक महिन्याची (प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने वाढू शकते). त्यातून सोशल वर्करच्या केस नोट्स हाती येतात. खरा मसाला तिथेच असतो: कुणी, कुठल्या तारखेला, कशामुळे तास कमी करायचं ठरवलं. मात्र नोट्सची वाट बघत तक्रार अडवून ठेवू नका. दोन्ही एकदम चालू द्या.

३. गाळलेली पायरी शोधा

इथे घाई करू नका. निम्म्या तक्रारींचा निकाल इथेच लागतो.

*पात्रता.* कौन्सिलला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. गरज शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे, अपंगत्वामुळे आहे का? त्यामुळे ठरवून दिलेल्या दहा गोष्टींपैकी किमान दोन जमत नाहीत का? आणि त्याचा आयुष्यावर ठळक परिणाम होतो का? त्या दहा गोष्टी अशा: खाणंपिणं, अंगाची स्वच्छता, संडास-लघवी, योग्य कपडे घालणं, घरात सुरक्षित वावरणं, घर राहण्याजोगं ठेवणं, नातीगोती टिकवणं, काम किंवा शिक्षण, परिसरातल्या सोयी वापरणं, आणि पदरात लहान मूल असेल तर त्याचा सांभाळ.

"जमत नाही" याचा कायद्यातला अर्थ आपल्या समजुतीपेक्षा मोठा आहे. मदतीशिवाय होतच नाही, हे तर झालंच. शिवाय होतं पण खूप दुखतं किंवा धास्ती वाटते, होतं पण त्यात जिवाला धोका असतो, होतं पण नेहमीपेक्षा फारच वेळ लागतो, ही तिन्ही "जमत नाही" मध्येच धरायची. असेसमेंटमध्ये "स्वतः अंघोळ करतात" एवढंच असेल आणि त्याला पाऊण तास लागतो, दोनदा पाय घसरला आहे हे नसेल, तर गाळलेली पायरी सापडली.

आता थोडं कडू. आपली माणसं असेसमेंटच्या दिवशी घर आवरतात, आई चांगली साडी नेसते, आलेल्या बाईंना चहा विचारते आणि "बरं चाललंय, माझं मी करते" म्हणून सांगते. सोशल वर्कर तेच लिहून नेते. त्यात दुभाषा म्हणून मुलगा बसलेला असेल तर लघवीचा विषय निघतच नाही. आई मुलासमोर बोलणार नाही आणि मुलगा विचारणार नाही. घरच्यांशिवाय वेगळा मराठी दुभाषा हवा, असं असेसमेंटच्या आधीच लेखी मागा. मागूनही दिला नसेल तर तो तक्रारीतला स्वतंत्र मुद्दा होतो.

आईला माहिती समजायला, लक्षात ठेवायला, तिचा विचार करायला किंवा आपलं म्हणणं मांडायला फारच अडचण असेल, आणि तिच्या बाजूने बोलणारं योग्य माणूस जवळ नसेल, तर कौन्सिलने स्वतंत्र ॲडव्होकेट द्यायचा असतो (कलम ६७). ॲडव्होकेट म्हणजे इथे वकील नव्हे, बाजू मांडणारा माणूस. दिला होता का, निदान तसा विचार केला होता का, ते नोट्समध्ये बघा.

*"तुम्ही आहात की घरी."* भारतीय घरांना हे वाक्य जास्त ऐकावं लागतं. नियम सरळ आहे: गरज पात्र आहे का, हे ठरवताना घरचं कुणी काय करतं ते बाजूला ठेवायचं, जणू कुणीच नाही असं धरून बघायचं. घरच्यांची मदत हिशेबात येते ती त्यानंतर, प्लॅन करताना, आणि तीसुद्धा त्या व्यक्तीची इच्छा आणि ताकद असेल तरच. सून घरून काम करते म्हणून दुपारची केअर तीच बघेल, असं तिला न विचारता लिहिलं असेल तर ते चुकीचं आहे. तिने ईमेलमध्ये साफ लिहावं: "मी सकाळचा चहा-नाश्ता बघते. दुपारी १२ ते ५ मला जमणार नाही." शिवाय तिला स्वतःच्या केअरर असेसमेंटचा, म्हणजे घरच्यांना सांभाळणारी म्हणून तिच्या गरजांच्या तपासणीचा हक्क आहे (कलम १०), ती किती तास सांभाळते याच्याशी त्याचा संबंध नाही. कौन्सिलने ते देऊ केलंच नसेल तर तोही दोष.

*कपात.* घरी येणाऱ्या मदतनिसाच्या दिवसाला चार फेऱ्या होत्या, त्या दोन केल्या. इथे विचारायचं एकच: गरज कमी झाली हे तुम्ही कधी आणि कसं ठरवलंत? प्लॅन बदलण्याआधी पुन्हा पडताळणी करून माणसाला आणि केअररला त्यात सामील करून घ्यावं लागतं (कलम २७). "पॅनलने (खर्च मंजूर करणाऱ्या कौन्सिलच्या समितीने) मंजूर केलं नाही" हे कारण होत नाही. पॅनलने केवळ पैशांकडे बघून सोशल वर्करचा निष्कर्ष कापू नये, असं सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. "आम्ही रात्रीची केअर देतच नाही" असलं सरसकट धोरणही टिकत नाही. समोरच्या माणसाची गरज बघावीच लागते. दोन पर्यायांनी गरज भागत असेल तर स्वस्त पर्याय निवडायची मुभा मात्र कौन्सिलला आहे. तेव्हा "महाग पर्याय द्या" असं लिहू नका, "स्वस्त पर्यायाने ही गरज भागत नाही, कारण..." असं लिहा. जेवणाचं उदाहरण घ्या. एजन्सीची केअरर पंधरा मिनिटांत तयार डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून जाते, शाकाहारी आजी त्याला हात लावत नाहीत आणि वजन उतरत जातं. मग कागदावर जेवणाची फेरी असूनही खाण्याची गरज भागलेली नाही. वजनाचे आकडे जोडा.

*पैसे.* बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर कौन्सिल साधारणपणे खर्चात वाटा उचलत नाही. पण असेसमेंट सगळ्यांनाच मिळतं. "बचत जास्त आहे" म्हणून असेसमेंटच नाकारलं असेल तर तो सरळ नियमभंग. १४,२५० च्या खालची बचत धरत नाहीत. मधल्या रकमेवर दर २५० पौंडांना किंवा त्याच्या भागाला आठवड्याला १ पौंड उत्पन्न मानतात. म्हणजे बचत १६,३०० असेल तर वरचे २,०५० पौंड, आठवड्याला ९ पौंड. एवढा हिशेब स्वतः करून पाहा, चुका निघतात.

नेहमीच्या चुका या:
- नवरा-बायकोच्या जोडखात्यातली सगळी रक्कम एकाच्याच नावावर धरली. साधारणपणे निम्मी धरायची असते.
- राहतं घर धरलं. केअर घरीच मिळत असेल तर घराची किंमत धरत नाहीत. केअर होममध्ये गेल्यावरही घरात जोडीदार किंवा ६० वर्षांचं वा त्याहून मोठं नातलग राहत असेल तर धरत नाहीत.
- अटेंडन्स अलाउन्स (सांभाळाची गरज असलेल्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता) उत्पन्नात धरला, पण अपंगत्वामुळे होणारा जादा खर्च वजा केला नाही: जादा कपडे धुणं, जादा हीटिंग, पथ्याचं जेवण, पॅड्स, दवाखान्याची टॅक्सी. पावत्या ठेवा.
- हॉस्पिटलमधून आल्यावरच्या रिएबलमेंटचे (पुन्हा आपलं आपण करता यावं म्हणून दिलेल्या तात्पुरत्या मदतीचे) पैसे लावले. ती ६ आठवड्यांपर्यंत मोफत असते. १,००० पौंडांपर्यंतची छोटी साधनं आणि घरातले छोटे बदलही मोफत.

भारतातली मालमत्ता धरतात, हे माहीत असू द्या. पुण्यातला फ्लॅट लपवू नका. पण वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर चार भावंडांची नावं असतील, तर घराच्या किमतीचा सरळ चौथा हिस्सा म्हणजे तुमच्या आईच्या हिश्श्याची किंमत नव्हे. तो अडकलेला हिस्सा विकत घ्यायला तयार गिऱ्हाईक काय देईल, ती खरी किंमत. आणि बक्षीसपत्र करून फ्लॅट मुलाच्या नावे केला की सुटलो, असंही समजू नका. फी टाळण्यासाठी दिलं असं कौन्सिलला वाटलं तर ती रक्कम अजून आईचीच आहे असं धरून हिशेब होतो. सात वर्षं झाली की चालतं, हा नियम वारसा कराचा आहे. इथे अशी काही मुदत नाही.

*टॉप-अप.* केअर होमसाठी दर आठवड्याला "वरचे पैसे" घरच्यांनी भरायचे ठरलं असेल तर एक प्रश्न विचारा: पर्सनल बजेटमध्ये बसणारं, गरज भागवणारं, जागा खाली असलेलं किमान एक होम आम्हाला दाखवलं होतं का? दाखवलं नसेल तर तो टॉप-अप ऐच्छिक राहत नाही, आणि भरलेले पैसे परत मागता येतात. लेखी करार नसेल तर तेही नोंदवा.

४. कागद जमवा

- निर्णयाचं पत्र, असेसमेंट, प्लॅन, हिशेब
- जीपीचं किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचं पत्र, हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी, औषधांची यादी
- दोन आठवड्यांची रोजनिशी: वेळ, काय झालं, कुणी मदत केली, किती मिनिटं. रात्रीचं उठणंही
- पडण्याच्या, भाजण्याच्या, गॅस चालू राहण्याच्या तारखा
- एजन्सीचे केअरर किती वाजता आले आणि गेले
- ईमेल आणि फोनची टिपणं: तारीख, वेळ, समोरच्याचं नाव
- आईचं सही केलेलं संमतीपत्र

संमतीपत्रावाचून कौन्सिल तुमच्याशी बोलणार नाही. आईची समजून निर्णय घेण्याची क्षमता उरली नसेल तरी तिच्या वतीने तक्रार करता येते; तुम्ही तिच्या हिताचंच बघता आहात, एवढी कौन्सिलची खात्री व्हावी लागते. लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी (क्षमता गेल्यावरही चालणारं इथलं मुखत्यारपत्र) असेल तर काम सोपं होतं, पण ती नोंदली गेल्याशिवाय वापरता येत नाही. भारतात केलेलं मुखत्यारपत्र तिच्या जागी चालेल असं गृहीत धरू नका.

५. तक्रार लिहा

विषयाच्या ओळीतच ही औपचारिक तक्रार आहे असं लिहा, आणि २००९ च्या सोशल केअर आणि एनएचएस तक्रार नियमांखाली ती नोंदवावी असं म्हणा. "फीडबॅक", "चिंता" असे शब्द वापरले की पत्र भलत्याच टोपलीत जातं. ते सोशल वर्करला न पाठवता कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअर कम्प्लेंट्स टीमला पाठवा. तोंडीही तक्रार करता येते, आणि तिची लेखी नोंद करून तुम्हाला प्रत देणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. तरी लिहिलेलं बरं.

दोन पानांत बसवा. क्रम असा:

पहिल्या परिच्छेदात कोण, कुणाच्या वतीने, कुठल्या तारखेचा कुठला निर्णय. मग क्रमांक घालून दोष, प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत: काय करायला हवं होतं, काय झालं, पुरावा कुठला. उदाहरणार्थ: "३. प्लॅनमध्ये दुपारची मदत सूनबाई करतील असं लिहिलं आहे. त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी ४ मार्चला ईमेलने नकार कळवला आहे (जोडपत्र ६)." त्यानंतर परिणाम: दोषामुळे आईला आणि घरच्यांना नेमकं काय सोसावं लागलं. शेवटी मागणी, आणि ती मोजता येईल अशी: अमुक दिवसांत नव्याने असेसमेंट, दुभाष्यासह, तोवर जुन्या फेऱ्या चालू, अमुक तारखेपासूनची जादा फी परत, लेखी माफी. "योग्य ती कारवाई करावी" लिहिलंत तर त्यांना योग्य वाटेल तेवढीच होईल.

सोशल वर्करच्या स्वभावावर, कौन्सिलच्या बजेटवर किंवा आपण भरलेल्या टॅक्सवर लिहायचा मोह होतो. खोडून टाका. वंशभेद झाला असं वाटत असेल तर तो जरूर लिहा, पण वाक्य, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव यांच्यासह, वेगळा क्रमांक घालून.

६. पाठवल्यानंतर

कामाच्या ३ दिवसांत पोच यायला हवी. चौकशी कशी करणार आणि किती दिवसांत, यावर चर्चेची तयारी कौन्सिलने दाखवायची असते. ती संधी घ्या आणि उत्तराची तारीख ठरवून लेखी घ्या. ६ महिन्यांत उत्तर दिलं नाही तर का दिलं नाही हे त्यांना तुम्हाला लेखी कळवावं लागतं. पण तेवढं थांबायची गरज नाही, ठरलेली तारीख उलटली की आठवण द्या.

घटना घडल्यापासून किंवा कळल्यापासून १२ महिन्यांत तक्रार करायची असते. उशिराचं सबळ कारण असेल आणि चौकशी अजून शक्य असेल तर त्यापुढचीही घेऊ शकतात.

तक्रार चालू आहे म्हणून बिलं थांबत नाहीत. वसुली थांबवा असं वेगळं लेखी मागा, वादात नसलेली रक्कम भरत राहा आणि उरलेल्या रकमेवर "वादग्रस्त" असं कळवा. रागाने सगळंच भरणं थांबवलं तर प्रकरण वसुलीकडे जातं आणि मूळ मुद्दा मागे पडतो.

मधल्या काळात आईची तब्येत बिघडली तर तक्रारीच्या निकालाची वाट बघू नका. परिस्थिती बदलली म्हणून नवं असेसमेंट मागा. तातडी असेल तर असेसमेंट पुरं व्हायच्या आधीच मदत सुरू करायचा अधिकार कौन्सिलला आहे (कलम १९). दुर्लक्ष किंवा छळ होत असेल तर ती सेफगार्डिंगची, म्हणजे माणसाच्या संरक्षणाची बाब. त्याच दिवशी त्या टीमला फोन करा.

७. लोकपालाकडे

कौन्सिलच्या अंतिम उत्तराने समाधान झालं नाही, किंवा उत्तरच येत नाही, तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओंबड्समन. सेवा मोफत, फोन ०३०० ०६१ ०६१४. इथेही १२ महिन्यांची मर्यादा आहे आणि ती तुम्हाला प्रश्न कळला तेव्हापासून मोजतात, कौन्सिलच्या उत्तरापासून नव्हे. इथे लोक फसतात: कौन्सिलशी पत्रव्यवहारात दहा महिने जातात आणि मग उत्तर आल्यावर निवांत बसतात.

लोकपाल असेसमेंट पुन्हा करत नाहीत आणि आईला किती तास मिळावेत हेही ठरवत नाहीत. दोष होता का आणि त्याने नुकसान झालं का, एवढंच बघतात. दोष सापडला तर पुन्हा असेसमेंट, चुकीची फी परत, माफी, मनस्तापाबद्दल थोडी रक्कम अशा शिफारशी करतात. त्या कायद्याने बंधनकारक नसल्या तरी कौन्सिलं जवळजवळ नेहमीच पाळतात. मोठ्या भरपाईची अपेक्षा ठेवू नका. नावं वगळलेले जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. आपल्या कौन्सिलचं नाव टाकून शोधा आणि आपल्यासारखं प्रकरण मिळालं तर त्याचा क्रमांक पहिल्याच तक्रारीत द्या. कम्प्लेंट्स टीम तो वाचते.

८. वकील कधी

केअर उद्या बंद होणार असेल तर तक्रारीचा वेग पुरत नाही. कम्युनिटी केअरचं काम करणारा सॉलिसिटर गाठा. ज्युडिशियल रिव्ह्यूसाठी (निर्णय कायदेशीर होता का, हे कोर्टाकडून तपासून घेण्यासाठी) विलंब न करता, आणि जास्तीत जास्त ३ महिन्यांत, कोर्टात जावं लागतं. तक्रार चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही. उत्पन्न आणि बचत कमी असेल तर लीगल एड (वकिलासाठी सरकारी मदत) मिळू शकते, आणि बघतात ती आईची कमाई, कारण दावा तिचा असतो. पुष्कळदा सॉलिसिटरच्या पहिल्या पत्रावरच केअर तात्पुरती चालू राहते. एकदा कोर्टात गेलात की त्याच मुद्द्यावर लोकपाल सहसा हात घालत नाहीत, म्हणून दोन्हीतलं काय, हे आधी ठरवा.

आई-बाबा व्हिसावर असतील तर मात्र तक्रारीच्याही आधी इमिग्रेशन आणि कम्युनिटी केअर दोन्ही जाणणाऱ्याचा सल्ला घ्या. "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी पैशांवर हक्क नाही) असा व्हिसावर शिक्का आहे म्हणून काहीच मिळणार नाही, हे फोनवरचं उत्तर अर्धवट आहे, कारण पब्लिक फंड्सच्या यादीत सोशल केअर येत नाही. पण व्हिसाच्या प्रकारावर आणि प्रायोजकाने लिहून दिलेल्या हमीवर बरंच अवलंबून असतं. ते हमीपत्र शोधून सोबत न्या.

फुकट सल्ल्यासाठी एज यूकेचा फोन ०८०० ६७८ १६०२, केअरर असाल तर केअरर्स यूके ०८०८ ८०८ ७७७७, आणि जवळचं सिटिझन्स ॲडव्हाइस. फोन करताना निर्णयाचं पत्र समोर ठेवा. पहिला प्रश्न त्यावरच्या तारखेचाच येतो.